आधी वाचन, मग सही

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी "सध्या प्रोजेक्ट गो-लाइव्हला आलाय हो" असे सांगून सुटका करून घेतो. यंदा संपादक वहिनींनी पळवाट ठेवली नाही. "तबूकच्या तुमच्या शुक्रवारच्या वर्गाबद्दल लिहा. आणि कौतुक नको, खरे काय झाले ते लिहा," असे त्यांनी बजावले. खरे लिहायचे तर त्या वर्गात मी जे शिकवले त्यापेक्षा मी जे शिकलो ते जास्त आहे, आणि त्यातला एक धडा फार महाग पडला. किंमत मात्र मी मोजली नाही, दुसऱ्याने मोजली.

ज्यांनी तबूक पाहिले नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. सौदी अरेबियाच्या वायव्य कोपऱ्यात, जॉर्डनच्या सीमेपासून साधारण शंभर किलोमीटरवर हे शहर आहे. जेद्दा इथून हजार किलोमीटरच्या आसपास. दमास्कस ते मदिना अशी जी हिजाझ रेल्वे १९०० ते १९०८ या काळात बांधली गेली, तिचे जुने स्थानक अजून इथे उभे आहे. आजूबाजूला वाळवंट असले तरी जमिनीखालच्या पाण्यावर गहू, फळे आणि चक्क फुलांची शेती होते. जवळचा जबल अल् लौझ अडीच हजार मीटरहून उंच असून हिवाळ्यात कधी कधी त्यावर बर्फ पडते. भारतात सुट्टीवर गेल्यावर हे सांगितले की कुणाचाही विश्वास बसत नाही!

मी २०११ साली इथे आलो. त्याआधी पुण्यात इंजिनिअरिंग, मग इंग्लंडात एम.एस्सी., मग तिथेच काही वर्षे नोकरी. एका मोठ्या संस्थेच्या संगणकीकरणाचे काम दोन वर्षांसाठी म्हणून घेतले आणि आम्ही इथलेच झालो. तेव्हा तबूकमध्ये आमच्या ओळखीची मराठी घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. मराठी माणसे मात्र बरीच होती! ती घरांत नव्हती, कॅम्पमध्ये होती. रत्नागिरी, रायगडचे सुतार, वेल्डर, प्लंबर, ड्रायव्हर, एसी मेकॅनिक. बकाल्यात कांदे निवडताना मागून "काय सर, गाव कुठला?" असे ऐकू यायचे आणि दिवस चांगला जायचा.

त्यातूनच वर्गाची कल्पना निघाली. २०१२ च्या हिवाळ्यात आमच्या हॉलमध्ये सातजण जमले. वेळ शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर दोन ते चार. (त्या वेळी सुट्टी गुरुवार-शुक्रवार असे, शुक्रवार-शनिवार झाली ती २०१३ मध्ये.) फी नाही, बोर्ड नाही, जाहिरात नाही. परक्या देशात संस्था काढायला परवाने लागतात, तेव्हा आम्ही संस्था काढलीच नाही. मित्र घरी जमतात, चहा पितात आणि काहीतरी शिकतात, एवढेच. दोन जुने लॅपटॉप होते आणि माझ्याकडे उत्साह फार होता.

अभ्यासक्रम मी इंग्लंडातल्या थाटात केला होता. महाराष्ट्रात एमएस-सीआयटीने २००१ पासून खेड्यापाड्यात संगणक पोहोचवला, तर आपण तबूकमध्ये का नाही, असा माझा हिशेब. पहिला महिना वर्ड, दुसरा एक्सेल, तिसरा पॉवरपॉइंट. आता विचार केला की हसू येते. दिवसभर शटरिंग ठोकणाऱ्या माणसाला मी स्लाइडवर बाण उडत कसा आणायचा ते शिकवत होतो! दुसऱ्या महिन्यात सातचे तीन झाले. मी बायकोजवळ तक्रार केली, "यांना शिकायचेच नाही." ती शांतपणे म्हणाली, "त्यांना काय शिकायचंय ते तू विचारलंस का?"

पुढच्या शुक्रवारी विचारले. उत्तरे अशी आली : बँकेतून घरी पैसे पाठवण्याचा फॉर्म भरता यावा. एटीएममधून स्वतःचे पैसे स्वतः काढता यावेत. औषधाच्या पुडीवरचे वाचता यावे. पॉवरपॉइंट कुणालाच नको होते.

एटीएमची गोष्ट विशेष. २०१३ पासून इथे टप्प्याटप्प्याने सर्व कंपन्यांना पगार बँकेतूनच देणे सक्तीचे झाले. उद्देश चांगला होता, पगार दिला की नाही याची नोंद सरकारकडे राहते. पण कॅम्पमधले कितीतरी जण कार्ड आणि पिन दोन्ही एखाद्या 'शिकलेल्या' सोबत्याच्या हाती देऊन मोकळे व्हायचे. सोबती प्रामाणिक असला तर ठीक. म्हणून आम्ही पुठ्ठ्याचे एटीएम केले. त्यावर इंग्रजी आणि अरबी आकडे लिहिले आणि चार आठवडे तेवढेच घोकले. वर्ग पुन्हा भरू लागला.

याच काळात चाचा वर्गात आले. खेड तालुक्यातले, पन्नाशीचे, शटरिंगचे सुतार. मराठी शाळेत तिसरीपर्यंत गेलेले. मराठी अक्षरे जोडून जोडून वाचत, सही मराठीत करत, तीही थरथरत. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितले, "सर, मला बाकी काय नको. इंग्लिश सही शिकवा. ऑफिसात पोरं हसतात."

मला ही मागणी फार आवडली. एक तर सोपी, आणि दुसरे म्हणजे मनाला भिडणारी. मी त्यांच्या नावाची झोकदार सही बसवून दिली. पहिले अक्षर मोठे, शेवटी खालून एक रेघ. त्यांनी दोनशे पानी वही भरून काढली. दीड महिन्याने ती सही अशी वळणदार झाली की माझी सही तिच्यापुढे डॉक्टरच्या चिठ्ठीसारखी दिसावी. आम्ही त्या दिवशी शिरा केला. मी फोटो काढून आईला पाठवला. समाजकार्य यालाच म्हणतात, असे त्या दिवशी मला वाटले, हे कबूल करतो.

२०१४ च्या उन्हाळ्यात चाचा कायमचे गावी निघाले. अकरा वर्षे एकाच कंपनीत काढली होती. निघायच्या आदल्या दिवशी भेटायला आले, खजुराचा डबा घेऊन. "हिसाब झाला सर. सगळ्या कागदांवर इंग्लिशमध्ये सही केली. मॅनेजरनी बघितला नि म्हणाला, अरे वा!" त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला अजून दिसतो. मी सहज विचारले, "किती मिळाले?" ते म्हणाले, "आठ हजार अडीचशे रियाल."

ते गेल्यावर मी कागद-पेन्सिल घेतली. सौदी कामगार कायद्याच्या कलम ८४ प्रमाणे नोकरी संपताना पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी अर्ध्या महिन्याचा पगार आणि त्यापुढच्या प्रत्येक वर्षासाठी पूर्ण महिन्याचा पगार मिळायचा असतो. माणसाने स्वतः राजीनामा दिला तर कलम ८५ लागते : दोन वर्षांच्या आत काही नाही, दोन ते पाच वर्षांना एक तृतीयांश, पाच ते दहा वर्षांना दोन तृतीयांश, आणि दहा वर्षे झाली की पूर्ण रक्कम. चाचांचा पगार पंधराशे. पाच वर्षांचे साडेसातशेप्रमाणे ३,७५० आणि पुढच्या सहा वर्षांचे पंधराशेप्रमाणे ९,०००. एकूण १२,७५०. कंपनीने अकराही वर्षांना अर्धाच महिना धरला होता. ४,५०० रियाल कमी! त्या वेळच्या भावाने पाऊण लाख रुपयांच्या आसपास.

ज्या कागदावर त्यांनी सही केली त्याला इथे मुखालसा म्हणतात. 'माझे सर्व येणे मला मिळाले, आता काही तक्रार नाही' असा त्याचा अर्थ. मजकूर अरबीत, बाजूला बारीक इंग्रजी. त्या सगळ्यात चाचांना फक्त सहीची जागा ओळखता येत होती, आणि ती ओळखायला मी शिकवले होते. मराठीत थरथरती सही करणारा माणूस कदाचित बिचकला असता, "जरा थांबा, कुणाला तरी दाखवतो" म्हणाला असता. मी त्याचा तो बुजरेपणा घालवला आणि त्या जागी काहीच दिले नाही.

दुसऱ्या दिवशी मी विमानतळावर जाऊन हे सांगायला हवे होते. गेलो नाही. आता काय उपयोग, सही तर झाली, माणूस आनंदाने चाललाय, असे स्वतःला समजावले. वास्तविक नोकरी संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत कामगार खात्याकडे दावा करता येतो. सही केलेल्या कागदापुढे तो कितपत टिकला असता ते सोडा, पण विचारता तरी आले असते. हे मला तेव्हाही शोधता आले असते. मी शोधले ते पुष्कळ उशिरा.

या प्रकारानंतर मला माझ्या आजीची फार आठवण झाली. आजी सातारा जिल्ह्यातली. १९५९ साली साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर पसरली. शिकलेल्यांनी गावातल्या न शिकलेल्यांना शिकवायचे, आणि सगळे गाव साक्षर झाले की समारंभ करायचा, अशी ती चळवळ. आजी त्यातच कंदिलाच्या उजेडात अक्षरे शिकली. पुढे जन्मभर ती रेशनच्या पावतीपासून सोसायटीच्या कर्जापर्यंत कुठलाही कागद बोट ठेवून दोनदा वाचल्याशिवाय सही करत नसे. समोरचा कारकून चुळबुळ करायचा, लहानपणी मलाही लाज वाटायची. तिला शिकवणाऱ्या गावच्या मास्तरांना जे कळले होते, ते परदेशी पदवी घेऊन मला कळले नव्हते.

२०१५ च्या सुट्टीत मी दोन ठिकाणी गेलो. पहिले पाबळ. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या या गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत डॉक्टरेट केलेला, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेला हा माणूस दुष्काळी गावात येऊन राहिला आणि शाळेत नापास ठरलेल्या मुलांना वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती असे हाताने करता करता शिकवू लागला. २००३ साली ते गेले, पण काम चालू राहिले. तिथे मला पटले ते एवढेच : आधी काम घ्यायचे, मग त्या कामाला जेवढे वाचन आणि गणित लागते तेवढे त्यातूनच शिकवायचे. मी नेमके उलटे करत होतो.

दुसरे ठिकाण चाचांचे घर. बायको म्हणाली होती, "सांगितल्याशिवाय परत येऊ नकोस." पावसाची झड लागली होती. चाचांनी पडवीत खुर्ची मांडली. मी एका दमात सगळे सांगून टाकले, आकड्यांसकट. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "साडेचार हजार?" मी मान हलवली. "मजी छपराचं काम झालं असतं." त्यानंतर आत बघून त्यांनी चहा सांगितला. मी म्हणालो, "चाचा, चूक माझी आहे." त्यावर ते "नाही नाही" म्हणाले नाहीत, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. थोड्या वेळाने त्यांनी पुतण्याला बाहेर बोलावले. विशीतला पोरगा, वायरमनच्या हाताखाली काम करणारा. "हा बी येणार हाय तिकडं. याला पयला वाचायला शिकवा. सही मागून."

तर मंडळी, आमच्या वर्गाचा अभ्यासक्रम त्या पडवीत ठरला. तेव्हापासून नियम एकच : आधी वाचायचे, न कळल्यास फोटो काढून विचारायचे, मग सही. वर्गातल्या भिंतीवर हे तीन शब्दांत लिहिले आहे, 'वाच, विचार, सही'.

आता आम्ही काय शिकवतो ते थोडक्यात सांगतो, म्हणजे तुमच्यापैकी कुणाला करायचे असेल तर उपयोग होईल.

पहिले म्हणजे स्वतःचे कागद. इकामा कधी संपतो, करारात हुद्दा काय लिहिला आहे, मूळ पगार किती आणि भत्ते किती. दुसरे, हिसाब. प्रत्येकजण वहीत स्वतःच्या नोकरीची तारीख आणि पगार लिहून कलम ८४-८५ प्रमाणे आकडा काढतो. गुणाकार, अपूर्णांक सगळे यातच येते. पॉवरपॉइंटच्या वेळी जांभया देणारी माणसे यात रात्री नऊपर्यंत बसलेली आहेत! तिसरे, कामाच्या वेळा आणि हक्क. उदाहरणार्थ १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२ ते ३ उघड्यावर उन्हात काम करून घेण्यास इथे बंदी आहे. चौथे, विमा. दहावी न झालेले जे लोक ईसीआर पासपोर्टवर नोकरीला येतात, त्यांना प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी घ्यावी लागते. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर दहा लाखांचे संरक्षण. पण पॉलिसी ट्रंकेत आणि घरच्यांना पत्ताच नाही, असे सर्रास असते. म्हणून वर्गात पहिला गृहपाठ म्हणजे पॉलिसीचा फोटो घरी पाठवणे.

आणि मोबाईल. २०२१ मध्ये इथले कामगार नियम बरेच बदलले. ठरावीक अटी पूर्ण झाल्यावर नोकरी बदलणे, सुट्टीचा किंवा कायमचा परतीचा व्हिसा काढणे हे आता सरकारी अ‍ॅपवरून कामगाराला स्वतः करता येते. अब्शर, किवा ही नावे कॅम्पमध्ये सर्वांना पाठ आहेत. पण हक्क मोबाईलमध्ये आला म्हणजे हातात आला असे नाही. करार मंजूर करण्याचे बटण हीसुद्धा सहीच आहे, फक्त वळणदार नाही! ते दाबण्याआधी काय वाचायचे, हा आमच्याकडचा सगळ्यात मोठा धडा.

या धड्याला मास्तर मी नाही, माझी मुलगी आहे. २०२० मध्ये करोनाने वर्ग बंद पडला तेव्हा तिने आवाजी निरोप पाठवून धडे सुरू केले. एका वेळी दोन मिनिटे, एकच गोष्ट. बारा-तेरा वर्षांची पोर, घरात आमच्याशी इंग्रजीत बोलणारी. काकांना समजले पाहिजे म्हणून ती मराठी शब्द शोधू लागली. 'अपडेट'ला काय म्हणू, 'एक्स्पायरी'ला काय म्हणू? बालभारतीची पुस्तके आणून मी जे साधू शकलो नाही, ते कॅम्पमधल्या काकांनी साधले. आपल्या मुलांना मराठी कशी येईल, अशी चर्चा आपण दर गणेशोत्सवात करतो. माझे उत्तर असे आहे : मराठीशिवाय ज्यांचे अडेल अशा माणसांसमोर त्यांना बसवा.

सगळेच गोड झाले असे नाही. काहीजण दोन शुक्रवार येऊन गेले. एकाला आम्ही हिसाब शिकवला, त्याने भर ऑफिसात वही उघडली आणि पुढचे दोन महिने त्याला लांबच्या साइटवर टाकले. तेव्हापासून कसे विचारायचे, कुणापुढे विचारायचे, केव्हा गप्प राहून कागद जपायचे, हेही शिकवावे लागते. वकिली सल्ला आम्ही देत नाही. अडचण खरीच मोठी असेल तर जेद्दाच्या भारतीय वाणिज्य दूतावासाचे अधिकारी तबूकला दौऱ्यावर येतात, त्यांच्याकडे सरळ पाठवतो.

चाचांचा पुतण्या २०१७ मध्ये आला. त्याच वर्षी नेओम प्रकल्प जाहीर झाला होता आणि तबूककडे कामगारांचा ओघ वाढत होता. पोरगा हेल्पर म्हणून आला. पहिल्या दिवशी वर्गात येताना करारच घेऊन आला. पुढे प्लंबर, इलेक्ट्रिशियन वगैरे कारागिरांसाठी इथे लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा सुरू झाल्या. प्रात्यक्षिकाची त्याला भीती नव्हती, लेखीची होती. तीन महिने दर शुक्रवारी आम्ही प्रश्न सोडवले. एकदा नापास झाला, दुसऱ्यांदा पास झाला. कागदावर आता तो इलेक्ट्रिशियन आहे आणि पगारही त्याप्रमाणे वाढला. त्याच्या हाताखालचा एक मुलगा मागच्या सुट्टीत सतरा नंबरचा फॉर्म भरण्याची माहिती काढून आला. दहावीशिवाय आयटीआयच्या बहुतेक ट्रेडना प्रवेश नाही, म्हणून त्याला आधी दहावी करायची आहे.

मला कामासाठी रियाधला जावे लागते तेव्हा वर्ग हा पुतण्याच घेतो. मागे एकदा मी लवकर परतलो आणि दारातच थांबून ऐकत राहिलो. एक नवा माणूस त्याला म्हणत होता, "मला इंग्लिश सही शिकवा." तो म्हणाला, "शिकवतो. आधी हा कागद वाच." तो माणूस चिडला. पुतण्याने चहा पुढे केला आणि कागद तिथेच ठेवला.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ साली पुण्यात आपल्या घरी कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती. तेव्हा ही कल्पना काही माझी नाही, आपल्याकडची जुनीच आहे. त्यासाठी मोठा हॉल लागत नाही, देणग्या लागत नाहीत. एक खोली, एक वही, चहा आणि आठवड्यातले दोन तास लागतात. तुमच्या शहरातही बकाल्यात मागून कुणीतरी "गाव कुठला?" असे विचारत असेलच. त्याला घरी बोलवा. फक्त त्याला काय शिकवायचे हे तुम्ही ठरवू नका, त्याला विचारा. आणि सही शिकवायची असेल तर सगळ्यात शेवटी.

चाचांच्या छपराचे काम गेल्या पावसाळ्याआधी झाले. पुतण्याने पैसे पाठवले. पावतीचा फोटो त्यांनी मला धाडला होता. खाली तीच इंग्रजी सही, शेवटी रेघ असलेली. मी फोन केला तेव्हा म्हणाले, "वाचून केली हो सर. पोराकडून वाचून घेतली."